पाव टक्क्याची गोष्ट

मंडळी, आज जरा आडवळणाच्या विषयावर लिहायला बसलो आहे. माझे नेहमीचे वाचक (म्हणजे आमचे बंधू, दोघे मेव्हणे, पुण्याची मावसबहीण आणि तुम्ही आठ-दहा ब्लॉगकर मित्र) जाणतातच, की मी मराठी आणि इतिहास घेऊन बी. ए. झालेला मास्तर. त्यामुळे 'तापलेल्या, दाबाखालच्या पाण्यात हायड्रोजनच्या अणूचे चुंबकपण' असा विषय घेतो आहे म्हटल्यावर आमच्या सौ.नी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि "गोळी घेतलीत ना सकाळची?" एवढेच विचारले.

गोळी घेतली होती. पण मला एक जुना हिशेब चुकता करायचा आहे, आणि तो या विषयाशिवाय चुकता होत नाही.

साल १९८१ असावे. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात (आता तो भाग पालघर जिल्ह्यात गेला) एका गावच्या शाळेत मी होतो. विज्ञानाचे मास्तर बदली होऊन गेले आणि त्यांची जागा काही भरली जाईना. हेडमास्तरांनी मला बोलावून सांगितले, "गुरुजी, तुमचे अक्षर चांगले आहे, तुम्ही आठवीचे विज्ञान घ्या." अक्षराचा आणि विज्ञानाचा संबंध मला अजून कळलेला नाही. पण घेतले. तीन वर्षे घेतले. रात्री कंदिलाशी बसून पाठ करायचे आणि सकाळी वर्गात ओकायचे, असा तो मामला होता.

सहामाहीच्या पेपरात मी एक चूक-बरोबरचा प्रश्न घातला. 'हायड्रोजनचा अणू एकटा राहू शकत नाही.' अपेक्षित उत्तर 'बरोबर'. एका मुलाने लिहिले, 'चूक. थोडा वेळ राहतो.' मी लाल रेघ मारली. पेपर वाटले तेव्हा तो उभा राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, जोडीतला एक सुटला आणि दुसरा मिळायचा आहे, तोवर तो एकटाच असणार ना?"

आता खरे तर हा लाखमोलाचा प्रश्न. पण मला उत्तर येत नव्हते, आणि येत नाही म्हणण्याचे धैर्यही नव्हते. मी म्हणालो, "एकटा राहतो म्हणजे काय रे? लॉजवर राहतो का?" वर्ग हसला. मुलगा खाली बसला. प्रश्न संपला.

परवा कॅनडातून नातीचा फोन आला. ती व्हँकुव्हरला रसायनशास्त्र शिकते. बोलता बोलता म्हणाली, "आजोबा, आमच्या इथे पाण्यात एकटा हायड्रोजनचा अणू किती वेळ राहतो आणि कसा वागतो हे लोक वर्षानुवर्षे मोजत आलेत." माझ्या पोटात धस्स झाले. चव्वेचाळीस वर्षांपूर्वीचा तो मुलगा डोळ्यांपुढे उभा राहिला. म्हटले, "अगं, सावकाश सांग. मी लिहून घेतो." चार-पाच रविवार ती सांगत होती, मी वहीत टिपत होतो. बाकीचे वाचनालयातून आणि इकडून तिकडून वाचले. विज्ञान मला किती कळले देव जाणे, पण त्यातला इतिहास मात्र मला पुरता भावला. तोच सांगतो.

हायड्रोजनच्या अणूत मोजून दोन माणसे. मधोमध एक प्रोटॉन, भोवती एक इलेक्ट्रॉन. हे दोघेही इवलेसे लोहचुंबक आहेत. दोन चुंबक शेजारी आले की त्यांची तोंडे एका दिशेला किंवा उलट दिशेला, असे दोन प्रकार होतात. या दोन स्थितींच्या ऊर्जेत अगदी बारीक फरक असतो. तो फरक शास्त्रज्ञ कंपनांच्या भाषेत सांगतात. मोकळ्या, एकट्या हायड्रोजनसाठी तो आकडा आहे १४२०.४ मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला सुमारे १४२ कोटी ४ लाख कंपने. आकाशवाणीचे स्टेशन जसे ठरावीक आकड्यावर लागते, तसे हे हायड्रोजनचे स्टेशन म्हणा. सगळी गोष्ट या एका आकड्याभोवती फिरते.

सुरुवात झाली जर्मनीत. ऑटो स्टर्न आणि वाल्टर गेर्लाख यांनी १९२२ साली चांदीच्या अणूंचा झोत चुंबकातून सोडला आणि तो दोन ठिकाणी फुटला. अणू हा चुंबक आहे आणि तो वाटेल त्या दिशेला तोंड करत नाही, त्याला ठरावीकच दिशा मोकळ्या आहेत, हे त्यावरून दिसले. १९२७ साली फिप्स आणि टेलर या दोघांनी अमेरिकेत हाच प्रयोग हायड्रोजनच्या अणूंवर केला. म्हणजे बघा, माझा जन्म व्हायच्या कितीतरी आधी माणसांनी एकट्या हायड्रोजन अणूंचा झोत करून दाखवला होता, आणि मी १९८१ साली वर्गाला सांगत होतो की तो एकटा राहूच शकत नाही!

पुढे १९३३ साली स्टर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हँबुर्गमध्ये प्रोटॉनचे चुंबकत्व मोजले. सिद्धान्ताप्रमाणे उत्तर यायला हवे होते एक. आले अडीचच्या आसपास. (पुढच्या मोजण्यांत ते २.७९ ठरले.) प्रोटॉन दिसतो तेवढा साधा नाही, त्याच्या पोटात आणखी काहीतरी आहे, याची ती पहिली चाहूल. त्याच वर्षी हिटलर सत्तेवर आला. स्टर्न ज्यू होते. त्यांना देश सोडून अमेरिकेला जावे लागले. इतिहासाच्या तासाला १९३३ मी शेकडो वेळा शिकवले, पण त्या वर्षात हँबुर्गच्या एका प्रयोगशाळेत हेही चालले होते, हे मला आज कळते आहे.

सूत्र मग न्यूयॉर्कला इसिडोर राबी यांच्या हाती गेले. हेही ज्यू, गॅलिशियात जन्मलेले आणि न्यूयॉर्कमध्ये वाढलेले. कोलंबिया विद्यापीठात त्यांनी अणूंच्या झोतावर रेडिओलहरी सोडून बरोबर 'स्टेशन' लागले की अणू पलटी मारतो, अशी पद्धत १९३८च्या सुमारास बसवली. १९४७ साली नेफ, नेल्सन आणि राबी यांनी या पद्धतीच्या जोरावर हायड्रोजनचा तो आकडा नेमका मोजला. एन्रिको फेर्मीने १९३० साली दिलेल्या सूत्रावरून जो आकडा यायला हवा होता, त्यापेक्षा तो पाव टक्क्याच्या आसपास जास्त भरला.

पाव टक्का! शंभर रुपयांत चार आणे. आम्ही पेपर तपासताना पाव मार्काकडे ढुंकूनही पाहत नसू. पण या मंडळींनी चार आणे सोडले नाहीत. आपल्या मोजणीत चूक नाही, याची खात्री करून घेतली आणि जाहीर केले की सिद्धान्तात काहीतरी कमी पडते आहे. त्यातून निघाले ते हे, की खुद्द इलेक्ट्रॉनचे चुंबकत्व मानले होते त्याहून किंचित जास्त आहे. पॉलिकार्प कुश आणि हेन्री फोली यांनी ते त्याच सुमारास मोजून दाखवले, आणि ज्युलियन श्विंगरने गणिताने त्याचे कारण सांगितले. आधुनिक भौतिकशास्त्राचा एक मोठा खांब या चार आण्यांवर उभा आहे, असे नात म्हणते.

हाच आकडा तिकडे आकाशातही सापडत होता. दुसरे महायुद्ध चालू होते, हॉलंड जर्मनांच्या ताब्यात होते. अशा काळात १९४४ साली हेंड्रिक व्हान डे हुल्स्ट या तरुणाने, यान ऊर्ट या आपल्या वडीलधाऱ्या खगोलशास्त्रज्ञाच्या सांगण्यावरून हिशेब केला आणि म्हणाला, तारकांच्या मधल्या पोकळीत हायड्रोजनचे एकटे अणू पसरलेले आहेत, तेव्हा त्यांचे हे स्टेशन पृथ्वीवर ऐकू यायला हवे. १४२० मेगाहर्ट्झ म्हणजे २१ सेंटिमीटर लांबीची लाट. ती २५ मार्च १९५१ रोजी हार्वर्डमध्ये हॅरल्ड युवेन आणि एडवर्ड पर्सेल यांनी पकडली. साधन काय, तर प्रयोगशाळेच्या खिडकीबाहेर काढलेला भला मोठा चौकोनी कर्णा! आपल्या जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडदला गोविंद स्वरूप यांनी उभारलेली जी महाकाय दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची, तीही हे हायड्रोजनचे स्टेशन ऐकते. सहलीला गेलो होतो तेव्हा आम्ही तबकड्या पाहिल्या, द्राक्षे घेतली आणि परत आलो. काय ऐकतात, हे विचारायचे सुचले नाही.

असो. पोकळीत एकटा राहणे सोपे. तिथे दुसरे कोणी भेटतच नाही. माझ्या विद्यार्थ्याचा प्रश्न मात्र गर्दीतला होता.

पाण्यात हायड्रोजनचा एकटा अणू येतो कुठून? पाण्याच्या रेणूत हायड्रोजन असतो, पण तो ऑक्सिजनला घट्ट बांधलेला. तो सुटा करायचा तर रेणू फोडावा लागतो. किरणोत्सर्ग हे काम करतो. रेडियमच्या किरणांनी पाण्यातून वायूचे बुडबुडे येतात, हे विसाव्या शतकाच्या आरंभीच लक्षात आले होते. मधल्या पायरीला सुटा हायड्रोजन आणि सुटा हायड्रॉक्सिल तयार होत असणार, असे फ्रान्सच्या आंद्रे दबिएर्न यांनी १९१४ साली सुचवले. पण ते दिसणार कसे? सुटा झाला की सेकंदाच्या काही लाखाव्या हिश्श्यात तो कोणाला तरी चिकटतो.

पहिली युक्ती होती थंडीची. हालचालच गोठवून टाकायची. १९४४ साली रशियातल्या कझान शहरात येवगेनी झावोइस्की यांनी सुट्या इलेक्ट्रॉनचे चुंबकत्व ओळखणारी एक पद्धत शोधली होती. ती हाताशी घेऊन १९५४ साली अमेरिकेतल्या ओक रिज येथे लिव्हिंग्स्टन, झेल्डेस आणि टेलर यांनी गोठवलेल्या आम्लांवर किरण सोडले आणि द्रवरूप नायट्रोजनच्या थंडीत, म्हणजे शून्याखाली १९६ अंशांवर, त्यांत अडकून पडलेले हायड्रोजनचे सुटे अणू पाहिले. आलेखावर दोन रेघा, एकमेकींपासून लांब. प्रोटॉनचे तोंड इकडे असेल तर एक, तिकडे असेल तर दुसरी. बर्फात माशी अडकावी तसा अणू अडकला होता.

दुसरी युक्ती होती चपळाईची. १९६३ साली पिट्सबर्गच्या मेलन इन्स्टिट्यूटमध्ये फेसेंडन आणि शुलर यांनी वाहत्या द्रवावर इलेक्ट्रॉनांचा झोत सोडून, अणू तयार होत असतानाच त्यांची मोजणी सुरू ठेवली. विहिरीत पाणी टिकत नसेल तर झरा चालू ठेवायचा, तसे. पुढे १९७०च्या आसपास पाण्याच्या द्रावणांतही हायड्रोजनचा अणू असाच रीतसर मोजला गेला. आणि आकडा किती आला?

मोकळ्या पोकळीत १४२०.४. पाण्यात १४१७च्या जवळपास. फरक कितीचा? पुन्हा पाव टक्क्याच्या आसपास!

हे वाचले तेव्हा मी वही मिटून थोडा वेळ गॅलरीत जाऊन उभा राहिलो. १९४७चा पाव टक्का वेगळा, हा वेगळा. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, नातीने बजावले आहे. पण हा दुसरा पाव टक्का काय सांगतो? तो सांगतो पाण्याचा स्वभाव. अणू तोच, त्यातले दोघे तेच. पण भोवती पाण्याचे रेणू दाटीवाटीने उभे आहेत. त्यातले काही त्याच्या इलेक्ट्रॉनला हलकेच बाहेर ओढतात. इलेक्ट्रॉन जरा पसरतो, प्रोटॉनपाशी कमी रेंगाळतो आणि आकडा उतरतो. उलट रेणू फार जवळ रेटले गेले, तर इलेक्ट्रॉन आत दाबला जातो आणि आकडा चढतो. ओढ आणि रेटा, या दोन्हींची बेरीज-वजाबाकी म्हणजे तो पाव टक्का. सासरी गेलेल्या मुलीचा फोनवरचा आवाज ऐकून आईला घरचे वातावरण कळते ना, तसेच. आवाज तिचाच असतो, फक्त किंचित उतरलेला.

आता तापलेल्या पाण्याकडे वळू. इथे माझा गावही गोष्टीत येतो.

आपल्या घरचा कुकर पाणी १२० अंशांपर्यंत नेतो. दाब वाढला की पाणी उशिरा उकळते, हे तत्त्व. फ्रान्सच्या दनी पापँ यांनी १६७९ साली असले भांडे पहिल्यांदा लोकांना दाखवले. दाब वाढवत नेला तर २०० अंशांचे पाणीही पाणीच राहते, ३०० अंशांचेही. पण किती वाढवायचे? १८२२ साली कान्यार द ला तूर नावाच्या फ्रेंच गृहस्थाने मद्यार्कासारखे द्रव तोफेच्या नळीत बंद केले, आत एक गारगोटीची गोळी टाकली, आणि नळी तापवत तापवत हलवून आवाज ऐकत राहिला. एका तापमानापर्यंत गोळी द्रवातून जाताना 'चुबुक चुबुक' वाजे. त्यापुढे तो आवाज बंद. आत द्रव उरलेला नाही आणि नेहमीची वाफही नाही, काहीतरी तिसरेच आहे! बेलफास्टच्या थॉमस अँड्र्यूज यांनी १८६९ साली कार्बन डायऑक्साइडवर पक्के प्रयोग करून या टोकाला नाव दिले क्रांतिक बिंदू. पाण्यासाठी तो ३७४ अंश सेल्सिअस आणि हवेच्या दाबाच्या सुमारे २१८ पट दाबाला येतो. त्यापलीकडचे पाणी आपल्या ओळखीचे राहत नाही. तेल त्यात विरघळते आणि मीठ मात्र खाली बसते. सगळा उलटा कारभार.

आमच्या शाळेपासून तारापूरचे अणुवीज केंद्र काही फार लांब नव्हते. १९६९ साली ते सुरू झाले. कितीतरी मुलांचे वडील तिथे कामाला. तिथल्या पहिल्या दोन भट्ट्या उकळत्या पाण्याच्या जातीच्या. असल्या भट्टीत पाणी हवेच्या सुमारे ७० पट दाबाखाली २८५ अंशांच्या आसपास असते आणि अणुइंधनाला खेटून वाहते. म्हणजे दाब आहे, आच आहे आणि किरणांचा मारा आहे. तिथे पाण्याचे रेणू सतत फुटत असतात आणि हायड्रोजनचे सुटे अणू सतत जन्मत आणि मरत असतात. तो मुलगा वर्गात उभा राहून विचारत होता तेव्हा त्याच्या वडिलांच्या कामाच्या जागी, भिंतीआड, त्याच्या प्रश्नाचे उत्तर क्षणाक्षणाला तयार होत होते. मला त्याचा पत्ता नव्हता.

याचे महत्त्व नुसते पुस्तकी नाही. फुटलेल्या पाण्यातून ऑक्सिजन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड उरले, तर ते पोलादी नळ खातात, बारीक चिरा पाडतात. म्हणून बऱ्याच भट्ट्यांत पाण्यात मुद्दाम थोडा हायड्रोजन वायू सोडतात. तो फुटलेल्या तुकड्यांना पुन्हा पाण्याकडे वळवतो. किती सोडायचा हे ठरवायला आतला सगळा जमाखर्च माहीत हवा. कोण कोणाला किती वेगाने भेटतो, आणि तेही ३०० अंशांवर. भट्टीच्या पोटात ते मोजता येत नाही. गार पाण्यावर मोजून पुढचा अंदाज करावा, तर तो फसतो, कारण तापलेल्या पाण्याचा स्वभावच बदलतो. सुटा हायड्रोजन पाण्याच्याच रेणूवर आदळून हायड्रोजन वायू किती वेगाने तयार करतो, या एका आकड्यावरून २००५ नंतर तज्ज्ञांत चांगलाच वाद झाला.

मग मोजायचे कसे? जाड धातूच्या भांड्यात, एवढ्या दाबाखाली, झावोइस्कीची पद्धत चालवणे महाकठीण. तिला लागणाऱ्या सूक्ष्मलहरी पाणीच पिऊन टाकते. (घरातला मायक्रोवेव्ह त्यावरच चालतो.)

इथे एक बहुरूपी मदतीला आला. त्याचे नाव मुऑन. हा कण आकाशातून आपल्यावर सतत पडत असतो. तळहात उघडा धरलात तर दर सेकंदाला साधारण एक त्यातून आरपार जातो. धन विद्युतभाराचा मुऑन प्रोटॉनच्या सुमारे एक नवमांश वजनाचा, आणि आयुष्य सरासरी २.२ मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या हिश्श्याच्या दुप्पट-सव्वादुप्पट. पण तेवढ्यात तो एखादा इलेक्ट्रॉन पकडतो आणि हुबेहूब हायड्रोजनच्या अणूसारखा वागू लागतो. त्याला मुऑनियम म्हणतात. अमेरिकेत व्हर्नन ह्यूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० साली तो वायूत पाहिला. त्याचे स्टेशन वेगळे, ४४६३ मेगाहर्ट्झचे. १९७६ साली स्वित्झर्लंडमध्ये पॉल पर्सिव्हल आणि सहकाऱ्यांनी तो साध्या पाण्यातही शोधून दाखवला.

याची गंमत अशी, की मुऑन मरताना आपला पत्ता सांगून जातो. त्यातून एक पॉझिट्रॉन उडतो, आणि तो बहुधा मुऑनच्या चुंबकाचे तोंड जिकडे होते तिकडेच उडतो. भांड्याबाहेर मोजयंत्रे लावून ठेवायची. मुऑन धातूची भिंत भेदून आत जातो, पॉझिट्रॉन भिंत भेदून बाहेर येतो. आतला अणू चुंबकक्षेत्रात भोवऱ्यासारखा किती वेगाने फिरत होता, हे असे लाखो मुऑनांच्या मरणवार्ता गोळा करून कळते. भांडे उघडावे लागत नाही की आत डोकवावे लागत नाही.

पर्सिव्हल पुढे कॅनडात सायमन फ्रेझर विद्यापीठात काम करत राहिले. व्हँकुव्हरला ट्रायम्फ नावाची मोठी प्रयोगशाळा आहे, तिथे मुऑनांचा झोत मिळतो. १९९५ साली रोडूनर, पर्सिव्हल, हान आणि बार्टल्स यांनी पाण्यातला आणि बर्फातला हायड्रोजन, त्याचा जड भाऊ ड्यूटेरियम आणि हलका भाऊ मुऑनियम अशा तिघांचे आकडे एकत्र मांडून ओढ आणि रेट्याचा हिशेब लावला. १९९९ साली पर्सिव्हल आणि त्यांच्या गटाने थेट क्रांतिक बिंदूपलीकडच्या, ४०० अंशांच्या पाण्यात मुऑनियम सापडल्याचे आणि मोजल्याचे प्रसिद्ध केले. आणि २०१३ साली नोत्र दाम विद्यापीठातल्या बार्टल्स यांनी नुझदिन यांच्यासह तापलेल्या पाण्यात खुद्द हायड्रोजनच्या अणूचाच आकडा मोजून मांडला. बहुरूप्याने वाट दाखवली, मग मूळ पुरुष भेटला.

या सगळ्यातून पाण्याचे काय कळते? गार पाण्यात हा एकटा अणू तेलाच्या थेंबासारखा परका असतो. पाण्याचे रेणू एकमेकांचे हात धरून त्याच्याभोवती पिंजरा करतात. पाणी तापत गेले की ते हात सुटू लागतात, पिंजरा ढिला होतो, आणि क्रांतिक बिंदूपलीकडे पाणी पुरेसे विरळ झाले की अणूला पुन्हा मोकळे वाटू लागते. त्याचा आकडा ढासळलेल्या आणि सावरलेल्या पाण्याची हकिकत सांगत जातो. क्रांतिक बिंदूपलीकडच्या पाण्यावर चालणाऱ्या वीजभट्टीची कल्पना २००२ साली जगातल्या सहा निवडक भावी आराखड्यांत घेतली गेली. अजून तशी एकही उभी नाही. उभी राहिली तर तिच्या नळांचे आयुष्य ठरवताना या पाव टक्क्याच्या अभ्यासातून आलेले ज्ञान कामी येईल.

मला या साऱ्यात सर्वांत काय भिडले सांगू? ही माणसे 'नाही' म्हणत नाहीत. 'किती वेळ?' असे विचारतात. सेकंदाचा लाखावा हिस्सा मिळाला तरी म्हणतात, पुष्कळ झाला, तेवढ्यात मोजू. आणि मी, ज्याच्याकडे पस्तीस मिनिटांचा तास होता, मी एका पोराला दोन मिनिटे दिली नाहीत.

गेल्या आठवड्यात चार जुन्या विद्यार्थ्यांना फोन करून त्याचा नंबर मिळवला. आता पंचावन्नच्या पुढचा आहे. बोईसरकडे इलेक्ट्रिक मोटारी भरून देण्याचे दुकान आहे. मी नाव सांगितले तर म्हणाला, "गुरुजी! नमस्कार करतो. तब्येत कशी आहे?" मी सगळे सांगितले. तो पेपर, ती लाल रेघ. तो म्हणाला, "मार्कांचे काही आठवत नाही गुरुजी." मला हायसे वाटले. मग जरा थांबून हसत म्हणाला, "पण लॉज आठवतो. दहावी होईपर्यंत पोरे मला लॉजच म्हणायची."

मला काही बोलता येईना. चव्वेचाळीस वर्षे मी एका मार्काचे ओझे वाहत होतो, आणि त्याला लागले होते ते वेगळेच. मी म्हणालो, "माझे चुकले बाबा. उत्तर तुझे बरोबर होते. मला येत नव्हते." त्यावर तो म्हणाला, "जाऊ द्या हो गुरुजी." दुकानात मागे कुठेतरी मोटार फिरत असल्याचा आवाज येत होता.

फोन ठेवणार तेवढ्यात त्याने विचारले, "पण गुरुजी, मग किती वेळ राहतो तो एकटा?"

मी चष्मा लावला, वही उघडली आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.